खिडकीतला गारवा आणि खिडकीबाहेरचा कामगार

फेब्रुवारी सरत आला की मुंबई, पुणे, नागपूर या शहरांतील इमारतींच्या भिंतींवर एक दृश्य दिसू लागते आणि ते थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दिसत राहते. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील खिडकीतून एक तरुण बाहेर आलेला असतो. त्याचा एक पाय छज्ज्यावर असतो, दुसरा ग्रिलच्या आडव्या पट्टीवर. डाव्या हाताने त्याने चौकट धरलेली असते आणि उजव्या हातात ड्रिलचे यंत्र असते. कमरेला दोर असलाच, तर त्याचे दुसरे टोक आतल्या पलंगाच्या पायाला बांधलेले असते, नाही तर बरोबरच्या पोरसवदा हेल्परच्या हातात असते. खालून माणसे ये-जा करीत असतात. वर पाहण्याचे त्यांना कारण नसते. तास-दीड तासात काम आटोपते, घरातली खोली गार होते, आणि तो तरुण हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून पुढच्या पत्त्याकडे निघतो. त्या दिवसात त्याला असे आणखी चार पत्ते गाठावयाचे असतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बाग विभागात एका इमारतीवरून एसीचा बाहेरचा भाग सुटून खाली आला आणि रस्त्यात स्कूटरवर बसून मित्राशी बोलत असलेल्या एका कोवळ्या तरुणाचा बळी गेला. ती घटना कॅमेऱ्याने टिपली असल्यामुळे देशभर पाहिली गेली. हळहळ व्यक्त झाली, गुन्हा नोंदला गेला, आणि चार दिवस वर्तमानपत्रांतून ‘आपल्या डोक्यावर काय टांगले आहे’ याची चर्चा झाली. ही चर्चा आवश्यकच होती. परंतु तिच्यात एक प्रश्न कोणी विचारला नाही. ते यंत्र तेथे टांगले कोणी, कोणत्या परिस्थितीत, किती वेळात, किती पैशांत? यंत्र पडून पादचारी मरतो तेव्हा ती बातमी होते. यंत्र बसविणारा पडून मरतो तेव्हा ती स्थानिक पानावरील चार ओळींची नोंद होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात ‘उंचीवरून पडून’ असा रकाना आहे. त्या रकान्यात गच्चीवर पतंग उडविणारे मूल आणि एसी बसविणारा कारागीर शेजारी शेजारी मोजले जातात. कामावर असताना मेलेला माणूस आणि कामाशिवाय मेलेला माणूस यांत ज्या हिशेबाला फरक करता येत नाही, त्या हिशेबातून कामगार कायदा निघत नसतो.

या दोन मृत्यूंचे मूळ मात्र एकच आहे, आणि ते समजण्यासाठी प्रथम काम समजून घेतले पाहिजे. श्रमिकांच्या प्रश्नांवर पोटतिडकीने लिहिणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्ष श्रमाच्या तपशिलाकडे पाहण्याची तसदी घेणारे थोडे.

दीड टनी खिडकी-एसीचे वजन साधारणतः पन्नास ते साठ किलो भरते. (‘दीड टन’ हे त्याच्या थंडावा देण्याच्या क्षमतेचे माप आहे, वजनाचे नव्हे, एवढे सांगितले तरी पुष्कळांना नवल वाटते.) त्यातील सर्वांत जड भाग म्हणजे कॉम्प्रेसर, आणि तो मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीच्या बाहेर असतो. यंत्राचा निम्म्याहून अधिक भाग खिडकीबाहेर असल्यामुळे त्याचा तोल स्वभावतःच रस्त्याकडे झुकलेला असतो. शिवाय बाष्पाचे पाणी खोलीत न येता बाहेर निघून जावे म्हणून ते किंचित बाहेर उतरते ठेवावे लागते. अमेरिकेतील वर-खाली सरकणाऱ्या खिडकीत यंत्राच्या माथ्यावर खिडकीची झडप टेकते आणि तीच त्याला धरून ठेवते. कोणी अजाणता झडप उचलली तर यंत्र खाली. इकडच्या खिडक्यांच्या झडपा बाजूला उघडतात, तेव्हा तेवढाही आधार नाही. उरतो तो लाकडी चौकटीचा आणि तिच्याखालच्या लोखंडी ब्रॅकेटचा. बाजारात ज्याला ‘स्टँड’ किंवा नुसते ‘अँगल’ म्हणतात तो हाच. एक आडवा अँगल, एक भिंतीलगतचा उभा, आणि दोहोंना जोडणारा तिरका टेकू. अशा दोन जोड्या भिंतीत बोल्टांनी पक्क्या केल्या की त्यांवर यंत्र विसावते.

रचना साधी आहे, पण तिच्यातील एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. खालचे बोल्ट भिंतीवर दाबले जातात, वरचे बोल्ट भिंतीतून उपसले जात असतात. सारी मदार वरच्या बोल्टांवर. समजा, यंत्र ५५ किलोचे आहे, भार सारा ब्रॅकेटवर आला आहे, यंत्राचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ३० सेंटिमीटर बाहेर आहे, आणि वरच्या व खालच्या बोल्टांत ४० सेंटिमीटर अंतर आहे. अशा वेळी वरच्या बोल्टांना बाहेर ओढणारा जोर सुमारे ४१ किलोंचा होतो. चांगल्या काँक्रीटमध्ये योग्य फास्टनर बसविला असेल तर हा जोर काहीच नव्हे. आता त्याच ब्रॅकेटच्या टोकाशी, भिंतीपासून ५० सेंटिमीटरवर, ७० किलो वजनाच्या माणसाने पाय ठेवला, तर त्या एका माणसाचा जोर ८७ किलोंहून अधिक होतो. म्हणजे बोल्टांवरची एकूण ओढ तिपटीच्या वर गेली. ब्रॅकेट विकणारा तो यंत्राच्या वजनासाठी विकतो. विकत घेणारा यंत्राच्या वजनासाठी घेतो. दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकला मात्र उभे राहावयास दुसरी जागा नसते. तो त्यावरच पाय ठेवतो.

आणि भिंत तरी कशी असते? नव्या इमारतींत पुष्कळदा पोकळ किंवा हलक्या ठोकळ्यांची, जुन्या इमारतींत चुन्यात बांधलेल्या, पाणी मुरून ठिसूळ झालेल्या विटांची. वरून गिलावा गुळगुळीत दिसतो. ड्रिल आत गेले की भुगा पडतो आणि फास्टनर धरीत नाही. मग त्याच भोकात लाकडाची पाचर ठोकली जाते. चौकट समतल येत नसेल तर यंत्राखाली विटेचा तुकडा सरकविला जातो. मुंबईची खारी हवा आणि यंत्रातून ठिबकणारे पाणी यांनी ब्रॅकेटचा रंग दोन पावसाळ्यांत जातो आणि मग गंज आतून लोखंड खाऊ लागतो. कॉम्प्रेसरच्या अखंड थरथरीने नट सैल होत जातात; त्यासाठी स्प्रिंग वॉशर घालावयाचा असतो, तो असतोच असे नाही. यांतली एकही गोष्ट त्या कारागिराला ठाऊक नसते असे कोणी समजू नये. त्याला ती ठाऊक असते. पाचर ठोकताना ती चूक आहे हे त्याच्या हाताला कळत असते. परंतु दुसरा फास्टनर आणावयास खाली उतरून बाजारात जाण्याचा वेळ कोणाच्या हिशेबात धरलेला नाही.

हिशेबाची ही गोष्ट अधिक स्पष्ट केली पाहिजे. भारतात आता वर्षाला एक कोटीहून अधिक एसी विकले जातात. कारखान्यात यंत्र तयार होते तेव्हा ते बनविणाऱ्या कामगाराच्या पाठीशी काही ना काही कायदा असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने उंचीवर काम करणाऱ्याला कठडा वा अन्य संरक्षण देणे मालकावर बंधनकारक केले होते. तेच यंत्र फाटकाबाहेर पडले की कंपनीकडून वितरकाकडे, वितरकाकडून दुकानदाराकडे, दुकानदाराकडून कंत्राटदाराकडे आणि कंत्राटदाराकडून त्या दोन तरुणांकडे येते. या प्रवासात दर टप्प्यावर नफ्याचा वाटा कापला जातो आणि दर टप्प्यावर जबाबदारी खाली ढकलली जाते. शेवटी नफा वर साचतो आणि जबाबदारी चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर उभी असते. त्या तरुणांना पगार नसतो. दर यंत्रामागे ठरावीक रक्कम असते. चार यंत्रे बसविली तर चारांचे पैसे, दोन बसविली तर दोनांचे. दोर नीट बांधणे, भिंत ठोकून पाहणे, गंजलेला अँगल बदलून घ्या म्हणून घरमालकाशी हुज्जत घालणे, या सर्व गोष्टी त्याच्या स्वतःच्या मजुरीतून कापल्या जातात. सुरक्षितता ही ज्याची त्याने आपल्या खिशातून विकत घ्यावयाची वस्तू झाली आहे.

जून २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या सोल शहरात एसीचा बाहेरचा भाग दुरुस्त करताना एक कंत्राटी तंत्रज्ञ गॅलरीचा कठडा निखळल्यामुळे खाली पडून मरण पावला. तेथील कामगार संघटनांनी त्या वेळी बोट ठेवले ते कठड्याइतकेच दर कामामागे मोबदला देण्याच्या पद्धतीवर. सोल आणि सोलापूर यांत अंतर पुष्कळ असले तरी भांडवलाची रीत एकच आहे.

जाहिरातींतील एक मेख येथे नमूद केलीच पाहिजे. सणासुदीला आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ‘बसवून देणे मोफत’ अशी घोषणा झळकते. यंत्र घरी आल्यावर कळते की बसविणे मोफत असले तरी स्टँडचे पैसे वेगळे. चाळीस हजारांचे यंत्र घेणारा गृहस्थ तेथे काही शे रुपयांसाठी घासाघीस सुरू करतो. जुना स्टँड आहे, तोच वापरा, हलका चालेल, आमच्या शेजाऱ्याने तर स्टँडशिवायच बसविला. या गृहस्थाला दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. ज्या वस्तूवर रस्त्यावरच्या माणसांचे आणि कामगाराचे प्राण अवलंबून आहेत, ती वस्तू कंपनीनेच यंत्राच्या किमतीबाहेर, ‘इतर’ या सदरात टाकून दिली असेल, तर ग्राहकाने तिला महत्त्व द्यावे तरी का? मोटार विकताना ब्रेकचे पैसे वेगळे सांगितले तर सरकार ते खपवून घेईल काय?

भारतातील कायदा या कामगाराला कसा हुकतो हे पाहण्यासारखे आहे. १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. येथे दोघेच असतात. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने कंत्राटदाराच्या कामगारासाठी मूळ मालकाला जबाबदार धरण्याची सोय केली होती, पण ते काम मालकाच्या व्यापार-धंद्याचा भाग असले तरच. आणि आपल्या घरात गारवा करून घेणे हा गृहस्थाचा धंदा नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता अमलात आल्या आणि हे जुने कायदे त्यांत विलीन झाले, तरी सुरक्षिततेच्या संहितेत दहा कामगारांचा उंबरठा ठाण मांडून आहेच. फोनवरून मागणी नोंदविणाऱ्या कंपन्यांसाठी सामाजिक सुरक्षा संहितेत उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदानाची तरतूद आहे. तिचे स्वागत करावयास हवे. परंतु ती अपघात झाल्यानंतरच्या मदतीची तरतूद आहे. छज्ज्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेला ती हार्नेस बांधीत नाही. आणि यंत्र खाली पडले तर? भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली पोलीस ज्याला प्रथम शोधतात, तो बहुधा तोच दर यंत्रामागे पैसे घेणारा फिटर असतो. ज्याला भरपाई मागताना मालक सापडत नाही, त्याला आरोपी म्हणून मात्र सर्वजण ओळखतात.

याबाबत काही करता येण्यासारखे नाही, असे म्हणणाऱ्यांनी भांडवलशाहीच्या राजधानीकडेच पाहावे. न्यूयॉर्क शहरात १९७९ साली एका इमारतीच्या दर्शनी भागाचा तुकडा पडून एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी मरण पावली. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, त्या शहराने सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भिंतींची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची केली. १९९८ मध्ये तो कायदा अधिक कडक झाला आणि आज दर पाच वर्षांनी होणाऱ्या त्या तपासणीत खिडक्यांतील एसीही पाहिले जातात. यंत्राला खालून धातूचा आधार असावा, ते समतल करण्यासाठी विटा, लाकडाचे तुकडे, दूरध्वनीच्या जाड डायऱ्या असल्या सुट्या वस्तू वापरू नयेत, असे त्या शहराचे स्पष्ट नियम आहेत. नियमात डायऱ्यांचा उल्लेख करावा लागला, यावरून न्यूयॉर्कचा घरमालक दादरच्या घरमालकाहून फार वेगळा नाही एवढे दिसते. मुंबईतही पाया तयार आहे. महापालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमान्वये तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या तपासणीत बाहेर टांगलेल्या यंत्रांचा आणि त्यांच्या ब्रॅकेटचा समावेश करावयास नवे खाते नको, नवा महामहोपाध्याय अभियंताही नको.

तथापि तपासणीने रस्त्यावरचा माणूस वाचेल. छज्ज्यावरचा वाचेलच असे नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्राला परदेशात जाण्याची मुळीच गरज नाही. माथाडी कामगारांचा इतिहास याच मातीतला आहे. मशीद बंदरच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाचा मालक कोण, हा प्रश्न त्या काळीही असाच निरुत्तर करणारा होता. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या व्यापाऱ्याचे. मग भविष्यनिधी कोणी द्यावा, रजा कोणी द्यावी, पाठ मोडली तर दवाखाना कोणी करावा? अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने मालक शोधण्याचा वृथा खटाटोप सोडून दिला. काम करवून घेणाऱ्या प्रत्येकाने मंडळाकडे नोंद करावी, मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळाकडे भरावी, आणि मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्यनिधी, औषधपाणी द्यावे, अशी व्यवस्था उभी केली. मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे ते मंडळ. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी हीच वाट चोखाळली गेली. या मंडळांत पुढे गैरप्रकार शिरले, बनावट नोंदी झाल्या, टोळीबाजी माजली, हे खोटे नाही आणि ते लपविण्यात समाजवाद्यांचे हित नाही. पण ज्या हमालाला कोणीच मालक नव्हता त्याच्या नावावर भविष्यनिधी जमा होऊ लागला, हेही खोटे नाही.

एसी बसविणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या कारागिरांसाठी असेच मंडळ झाले पाहिजे. राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रावर उत्पादकाकडूनच ठरावीक लेव्ही घ्यावी. दुकानदाराकडून नको, कारण तो ती त्या फिटरच्या मजुरीतून वसूल करील. त्या पैशातून नोंदणीकृत कारागिराला अपघात विमा, प्रशिक्षण आणि प्रमाणित हार्नेस मिळावा. हार्नेससाठी भारतीय मानक, आय.एस. ३५२१, केव्हाचे अस्तित्वात आहे, फक्त कारागिराच्या अंगावर ते नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतलन कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. ते प्रशिक्षण मुख्यतः शीतकारक वायू वाया जाऊ नये, ओझोनच्या थराला व हवामानाला अपाय होऊ नये, या दृष्टीने आखले गेले. आकाशातल्या थराची काळजी घेतली जाते हे चांगलेच. त्याच अभ्यासक्रमात दोन दिवस जमिनीवर न पडण्यासाठी का नसावेत?

ब्रॅकेट यंत्राबरोबरच, यंत्राच्या किमतीतच दिला पाहिजे, आणि त्यावर तो किती किलोंचा भार पेलतो हे कोरलेले असले पाहिजे. सहकारी गृहनिर्माण संस्था खिडकीच्या रंगापासून ग्रिलच्या नक्षीपर्यंत सगळ्यावर ठराव करतात. दोर अडकविण्यासाठी गच्चीवर पक्क्या कड्या बसविण्याचा ठराव त्यांना अवघड नाही. नवीन इमारतींत एसीसाठी कोनाडे ठेवले जातात, पण त्या कोनाड्यापर्यंत माणूस जाणार कसा, याचा विचार नकाशात नसतो. तेथे जावयास दार आणि कठडा नसेल, तर त्या नकाशाला मंजुरी मिळता कामा नये.

चळवळीतल्याच काही जुन्या मंडळींना हा विषय अस्थानी वाटेल. दुष्काळ, शेतमजूर, बंद पडलेल्या गिरण्या सोडून साप्ताहिकाची पाने एसीवर कशाला खर्चायची? चैनीची वस्तू ती! या आक्षेपात तथ्यांश नाही असे नाही. खोली गार करणारे यंत्र तिच्यातील उष्णता गल्लीत ओतते, आणि गल्लीत भाजीची गाडी लावणाऱ्याच्या वाट्याला ती जाते, ही विषमता कोणत्याही आकडेवारीशिवाय अंगाला जाणवते. पण आज जुन्या बाजारातला किंवा महिन्याच्या भाड्याने आणलेला खिडकी-एसी कारकुनाच्या, रिक्षावाल्याच्या, दम्याचा रुग्ण असलेल्या घरातही पोहोचला आहे. आणि हाच जुना, जड, दरवर्षी एका भिंतीतून काढून दुसऱ्या भिंतीत बसविला जाणारा, जुन्याच भोकांत नवे बोल्ट मारलेला एसी सर्वांत धोक्याचा असतो. वस्तू चैनीची की गरजेची हा वाद वापरणाऱ्यांपुरता आहे. ती बसविणाऱ्याच्या दृष्टीने ते केवळ काम आहे, जसे ताजमहाल बांधणाऱ्याच्या दृष्टीने ते काम होते.

गमतीची एक गोष्ट आहे. आधुनिक वातानुकूलनाचा जनक मानला जाणाऱ्या विलिस कॅरिअर याने १९०२ साली आपली पहिली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगत होता, रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते, माल वाया जात होता. म्हणजे हे शास्त्र जन्मले ते कागदाच्या सोयीसाठी; माणसाची आठवण त्याला मागाहून झाली, आणि बसविणाऱ्या माणसाची अजून व्हावयाची आहे.

राज्य विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत भरते ते बहुधा मार्चच्या सुमारास, एसी बसविण्याचा हंगाम ऐन भरात येतो त्याच दिवसांत. माथाडी कायद्याच्या धर्तीवर विधेयक तयार करावयास फार संशोधन लागणार नाही. मसुदा १९६९ पासून ग्रंथालयात आहे. कामगार संघटनांनी दादर, कुर्ला, पिंपरी, सीताबर्डी येथील एसी दुरुस्तीच्या दुकानांबाहेर टेबल टाकून या कारागिरांची नोंदणी आजपासून सुरू करावी. सकाळी आठला तेथे ते हमखास भेटतात. नऊनंतर ते कुठल्या ना कुठल्या छज्ज्यावर गेलेले असतात.